उद्याचा बैल : बेल्ह्याचा बाजार, घाट आणि खोंडांची पारख

बैलगाडा शर्यतीबद्दल आपल्याकडे जे लिहिलं-बोललं जातं, ते बहुतेक दोनच प्रश्नांभोवती फिरतं. शर्यत ही परंपरा की क्रूरता, हा पहिला. आणि न्यायालयाने त्यावर काय म्हटलं, हा दुसरा. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत आणि या लेखात ते येतीलच. पण जुन्नर-आंबेगावच्या गावांत जो माणूस वर्षानुवर्षं घाटावर जाऊन बसतो, त्याच्या बोलण्यात तिसरीच गोष्ट जास्त असते. कोणता गाडा जिंकला हे तो एका वाक्यात सांगून टाकतो. मग आवाज खाली आणून म्हणतो, ‘‘अमक्याच्या दावणीला एक खोंड आहे. अजून दोनच दात लावलेत त्यानं. पण दोन वर्षांनी बघा तुम्ही.’’

हे ‘दोन वर्षांनी बघा’ हाच या लेखाचा विषय आहे. जिंकलेल्या बैलाचं कौतुक कोणीही करतो. त्यासाठी ज्ञान लागत नाही, लाउडस्पीकर पुरतो. जो अजून जिंकलेला नाही, कदाचित कधीच जिंकणार नाही, त्याच्यावर नजर ठेवणं, त्याची प्रगती लक्षात ठेवणं, त्याच्याबद्दल अंदाज बांधणं आणि तो चुकला तर का चुकला याचा विचार करणं, हा एक वेगळाच छंद आहे. त्याचं स्वतःचं शास्त्र आहे, स्वतःच्या अंधश्रद्धा आहेत आणि अलीकडे त्याच्यावर येऊन पडलेली एक जबाबदारीही आहे. गेली काही वर्षं मी बेल्ह्याच्या बाजारात आणि आसपासच्या घाटांवर वही घेऊन हिंडतो आहे. त्यातून जे समजलं ते मांडतो.

बाजार

बेल्हे हे जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातलं गाव. कल्याण-नगर रस्त्याने आळेफाटा ओलांडून पूर्वेला निघालं की ते लागतं आणि पुढे आणे पठार सुरू होतं. जुन्नरचा पश्चिम भाग पावसाचा, भातखाचरांचा. तिकडे काळ्या-पांढऱ्या डागांचं, पावसात टिकणारं डांगी जनावर कामाचं. पूर्व भाग कमी पावसाचा, मोकळ्या रानाचा. इकडे डौल खिल्लारचा. बेल्ह्याचा सोमवारचा आठवडे बाजार या दोन्ही मुलखांच्या मध्ये भरतो आणि त्यातला बैलबाजार दूरवर ओळखला जातो.

बाजारात शिरलं की पहिल्यांदा सगळीच जनावरं सारखी दिसतात. थोड्या वेळाने रांगा वेगळ्या होऊ लागतात. नांगराची, वयाने पोक्त, खांद्याला घट्टे पडलेली जोडी एका बाजूला. तिच्याभोवती हिशेबी शेतकरी. दुसरीकडे लहान गोऱ्हे आणि खोंड. त्यांच्याभोवतीची गर्दी वेगळी असते. तिथे तरुण पोरं जास्त, आणि त्यांच्या मागे एखादा म्हातारा, जो काही बोलत नाही, नुसता खोंडाच्या मागून चालत राहतो. पोरं खोंडाचं तोंड बघतात, म्हातारा पाय बघतो. सौदा पूर्वी हेड्याने उपरण्याखाली बोटं दाबून करायचा, म्हणजे शेजारच्याला भाव कळू नये. नांगराच्या बैलाच्या सौद्यात झाकायचं असतं ते पैसे. खोंडाच्या सौद्यात पैशापेक्षा आपलं मत झाकायचं असतं. आपल्याला या जनावरात काय दिसलं, हे दुसऱ्याला कळलं की भाव चढतो.

खोंडाचं वय दातांवरून काढतात, आणि हे ज्ञान पक्कं आहे. गाय-बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तिथे नुसती कडक गादी असते. खाली पुढे आठ दात असतात. दुधाचे दात असेपर्यंत खोंड ‘आदत’. साधारण दोन-अडीच वर्षांचा झाला की मधले दोन दुधाचे दात पडून कायमचे येतात, तो ‘दुसा’. तीनच्या आसपास चार दात, ‘चौसा’. मग सहा, आणि साधारण साडेचार-पाच वर्षांपर्यंत आठही दात आले की बैल ‘जुळला’. सातारा-सांगलीकडच्या सपाट मैदानांवर आदत खोंडांच्या वेगळ्या शर्यतीही ठेवल्या जातात. म्हणजे दात ही नुसती वयाची खूण नाही, ती स्पर्धेतली पायरी आहे.

दातांच्या पलीकडे मात्र पारख सुरू होते, आणि तिच्यात दोन थर आहेत. पहिला थर शरीराचा. खूर काळे, घट्ट आणि मधली फट अरुंद असावी. पसरट, मऊ खुराचा बैल चढावर घसरतो. कातडी पातळ आणि अंगाला चिकटलेली, गळ्याखालची पोळी बेताची, वशिंड आखूड आणि घट्ट, पाठ सरळ, शेपूट बारीक. चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या खुणेवर किंवा तिच्याही पुढे पडतो का, हे म्हातारे बघतात. मागून चालण्याचं कारण ते. यातल्या बऱ्याच गोष्टींना अर्थ आहे. खिल्लार जात मुळातच माणदेशाच्या कोरड्या, कठीण जमिनीवर घडलेली. कमी मांस, लांब पाय, कणखर खूर ही तिची ठेवण. पारखी माणूस त्या ठेवणीची शुद्ध आवृत्ती शोधत असतो.

दुसरा थर श्रद्धेचा. अंगावरचे भोवरे कुठे आहेत, कपाळावर एक की दोन, पाठीवरचा भोवरा मालकाला लाभतो की बाधतो, यावर सौदे मोडलेले मी पाहिले आहेत. एरवी खुराबद्दल अत्यंत नेमकं बोलणारा माणूस भोवऱ्याशी आला की एकदम देवभोळा होतो. याला हसायचं कारण नाही. ज्या गोष्टीचा निकाल दोन-तीन वर्षांनी लागणार आहे, तिच्यावर आज पैसे लावायचे तर मनाला काहीतरी आधार लागतोच.

दूरच्या एका खेळाचं उदाहरण

या पारखीला जगात एक फार जवळचं भावंड आहे, आणि ते अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये सापडतं. तिथे वरच्या दर्जाचे तीस व्यावसायिक संघ आहेत. त्या प्रत्येकाच्या हाताखाली खालच्या पायऱ्यांचे संघ असतात. २०२१ च्या फेररचनेनंतर प्रत्येकी चार, म्हणजे एकूण एकशे वीस. त्यांना एकत्रितपणे ‘मायनर लीग’ म्हणतात. अठरा-वीस वर्षांची मुलं सर्वांत खालच्या पायरीवर येतात आणि चांगली खेळली तर एकेक पायरी चढतात. हे संघ लहान शहरांत असतात. तिथले प्रेक्षक आपला संघ जिंकला की खूश होतातच, पण त्यांतले दर्दी येतात ते एखाद्या होतकरू पोराला पाहायला. उद्या तो मोठा झाला तर ‘मी त्याला आधी पाहिलं होतं’ म्हणायला. ही व्यवस्था १९२० च्या दशकात सेंट लुइसच्या संघासाठी ब्रँच रिकी याने उभी केली आणि तिला नाव पडलं ‘फार्म सिस्टीम’. खेळाडू विकत घेण्यापेक्षा शेतात पिकवावेत, ही कल्पना.

तिथले पारखी मुलांना वीस ते ऐंशी अशा मोजपट्टीवर गुण देतात. पन्नास म्हणजे वरच्या दर्जाचा सरासरी खेळाडू. विशेष म्हणजे ते प्रत्येक गुणाला दोन आकडे लावतात, आज किती आणि पुढे किती होईल. आपल्या बाजारातला म्हाताराही हेच करतो, फक्त आकडा सांगत नाही. तिथल्या जुन्या पारख्यांमध्येही भोवरे होतेच! खेळाडूचा ‘चेहरा चांगला’ आहे, म्हणजे तो मोठा होणार, असं ते गंभीरपणे म्हणत. २००३ साली मायकल लुइस यांचं ‘मनीबॉल’ हे पुस्तक आलं आणि डोळ्यांनी पारखणारे विरुद्ध आकड्यांनी पारखणारे, हा वाद जगभर पोहोचला.

या व्यवस्थेशी भारताचाही थोडा संबंध आला. २००८ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ या स्पर्धेतून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही उत्तर प्रदेशातली दोन भालाफेकपटू मुलं निवडली गेली आणि पिट्सबर्गच्या संघाने त्यांना करारबद्ध केलं. दोघंही मायनर लीगमध्ये खेळले. सर्वांत वरच्या पायरीवर मात्र कोणी पोहोचलं नाही. त्यात अपवादात्मक काही नाही. तिथे येणाऱ्या बहुसंख्य मुलांची गोष्ट अशीच संपते, आणि होतकरूंवर नजर ठेवणाऱ्याला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं.

मराठी वाचकाला कुस्तीचं उदाहरण अधिक ओळखीचं वाटेल. यात्रेच्या आखाड्यात नारळावरच्या कुस्त्या सकाळी होतात, तेव्हा मंडप रिकामा असतो. पण वस्ताद तेव्हाच येऊन बसलेला असतो. त्याला शेवटच्या कुस्तीत रस कमी. तिचा निकाल त्याला बहुधा माहीत असतो. घाटावरही तसंच आहे. खोंड बघायचे तर सकाळी जावं लागतं.

घाट

आता घाट म्हणजे काय, ते सांगायला हवं. कारण साताऱ्याकडच्या शर्यती पाहिलेल्या वाचकाला इथला प्रकार वेगळा वाटेल. तिकडे सपाट मैदानावर गाड्या शेजारी-शेजारी सुटतात, गट, उपांत्य आणि अंतिम फेरी होते. जो पुढे तो विजयी. विदर्भात शंकरपट. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पट्ट्यात मात्र धावपट्टी चढाची असते आणि तिलाच घाट म्हणतात. एका वेळी एकच गाडा सुटतो आणि तो घड्याळाशी पळतो. गाड्याला चार बैल : धुरेला दोन आणि त्यांच्यापुढे जुकाटाला दोन. त्यांच्याही पुढे घोडीवरचा स्वार. एक गाडा एकदा पळाला की ती एक ‘बारी’. खालून निशाण पडतं, वर दुसरं पडतं, मधला वेळ सेकंदांत आणि सेकंदाच्या अंशांत मोजतात. पूर्वी हातातल्या घड्याळावर भांडणं व्हायची. आता बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक यंत्र असतं, भांडणं कमी झाली आहेत आणि निवेदकाची ‘भिर्रर्र’ तेवढी तशीच आहे.

बक्षिसांची रीतही वेगळी. ठरलेल्या सेकंदांच्या आत येणारे सगळे गाडे पहिल्या क्रमांकात, त्यापुढचे दुसऱ्यात, असं वाटप होतं. शिवाय दिवसातला सर्वांत कमी वेळ नोंदवणारा ‘घाटाचा राजा’. दोन मालकांनी आपापले बैल एकत्र करून एक गाडा जुंपला तर ती ‘जुगलबंदी’. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा, त्याच हंगामात नारायणगावला तमाशाच्या राहुट्या आणि त्याच यात्रांमध्ये घाट. नागापूरचं थापलिंग, निमगावचा खंडोबा, वडजचा खंडोबा ही नावं गाडाशौकिनांच्या तोंडी सणांच्या नावांसारखी असतात.

आता होतकरू खोंडाच्या दृष्टीने या पद्धतीकडे पाहा. घड्याळ आहे म्हणजे पारख सोपी झाली असं वाटेल. प्रत्यक्षात घड्याळ चार प्रकारे फसवतं.

पहिलं, प्रत्येक घाट वेगळा. लांबी वेगळी, चढ वेगळा, माती वेगळी. एका घाटावरचे बारा सेकंद दुसऱ्या घाटावरच्या बारा सेकंदांएवढे नसतात. त्यामुळे जाणकार कधीही नुसता वेळ सांगत नाही. ‘त्या घाटाच्या मानाने’ असं म्हणतो. म्हणजे त्या दिवशीच्या इतर गाड्यांच्या तुलनेत. बेसबॉलवालेही हेच करतात. तिथे प्रत्येक मैदानाची मापं वेगळी असतात आणि लहान मैदानावरच्या षटकारांना ते कमी किंमत देतात.

दुसरं, दिवसाची वेळ. सकाळी घाट दाबलेला, थंड आणि कडक असतो. पन्नास-साठ बाऱ्या झाल्या की माती सैल होते, ऊन चढतं, गर्दी आत सरकते. टोकन लवकरचं निघालं की उशिराचं, यावरच काही अंश इकडे-तिकडे होतात, आणि क्रमांक तर अंशांवरच ठरतात.

तिसरं आणि सर्वांत अवघड : चार बैल एकत्र पळतात. गाडा वेगाने गेला, पण कोणामुळे? जुन्या, कसलेल्या तीन बैलांमध्ये एक खोंड जुंपला तर तो त्यांच्या ओघात वाहून जातो आणि मालक मात्र खोंडाचे पेढे वाटतो. उलट चांगला खोंड आळशी जोडीदारामुळे झाकला जातो. यावर उपाय एकच. तोच खोंड वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर, कधी धुरेला, कधी जुकाटाला, चार-पाच घाटांवर पाहायचा. जुगलबंदीमुळे जोड्या सतत बदलतात आणि इथेच त्या गोष्टीचा उपयोग होतो. तीन वेगळ्या जोड्यांत तो असताना गाडा त्या-त्या घाटाच्या मानाने चांगला गेला, तर समान धागा तो खोंड. शाळेतल्या बीजगणितातली समीकरणं सोडवावीत तसं हे आहे. माझ्या ओळखीचे काही वृद्ध शेतकरी, ज्यांना बीजगणित हा शब्दही आवडणार नाही, ते हे काम तोंडी करतात आणि मागच्या तीन हंगामांची जोडकरणं त्यांच्या डोक्यात पक्की असतात.

चौथं, घोडी. पुढची घोडी किती वेगाने आणि किती सरळ पळाली, यावर जुकाटाच्या बैलांची चाल ठरते. घोडी बिचकली की बारी गेली.

म्हणून खरा पारखी वेळेपेक्षा तीन जागा पाहतो. सुटताना खोंड स्वतः उचल घेतो की जोडीदाराने ओढल्यावर निघतो. मधल्या टप्प्यात, जिथे चढ अंगावर येतो, तिथे त्याची मान वर जाते का. मान वर गेली म्हणजे दम संपला. आणि सर्वांत महत्त्वाचं, वर पोहोचल्यावर तो कसा थांबतो. डोळे पांढरे करून थरथरणारा खोंड आणि दोन मिनिटांत कान हलवत उभा राहणारा खोंड, यांत पुढच्या दोन वर्षांचा फरक असतो. हे तिसरं निरीक्षण यूट्यूबवर दिसत नाही. तिथलं चित्रण निशाण पडलं की थांबतं. आज शाळकरी मुलांनाही बकासुरासारख्या बैलांची नावं तोंडपाठ असतात, ती त्या चित्रफितींमुळे. त्याबद्दल तक्रार नाही. पण चित्रफीत राजाची असते. होतकरूकडे पाहायला माणसाने घाटाच्या माथ्यावर उभं राहावं लागतं.

सात वर्षांची खोट

या सगळ्या ज्ञानात मध्येच एक मोठं भगदाड पडलं. ११ जुलै २०११ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने एक अधिसूचना काढली आणि ज्या प्राण्यांना खेळांसाठी प्रशिक्षित करता येत नाही त्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतला जल्लिकट्टू आणि बैलगाड्यांच्या शर्यती या दोन्हींवर बंदी आणली. बैलाची शरीररचना घोड्यासारखी पळण्यासाठी नाही, तो पळतो तो भीतीने आणि वेदनेने, असं निकालाचं थोडक्यात म्हणणं होतं. शेपटी पिरगाळणं, खिळ्याने टोचणं, दारू पाजणं यांसारख्या प्रकारांकडे प्राणिप्रेमी संघटना बोट दाखवत होत्या, आणि घाटावर वावरलेला कोणीही प्रामाणिक माणूस असे प्रकार कधी झालेच नाहीत असं म्हणणार नाही.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने दिलेली सूट आठवड्याभरात स्थगित झाली. २०१७ मध्ये जल्लिकट्टूसाठी चेन्नईत मोठं आंदोलन झालं, तमिळनाडूने कायदा दुरुस्त केला, पाठोपाठ महाराष्ट्रानेही केला. पण ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने इथल्या शर्यतींना मनाई केली. शेवटी १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे दुरुस्त कायदे वैध ठरवले. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि जनावराला इजा झाली तर पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

या तारखा वर्तमानपत्रांतून सर्वांना माहीत आहेत. त्यांचा खोंडाच्या आयुष्याशी काय संबंध, हे मात्र फारसं लिहिलं गेलं नाही. हिशेब साधा आहे. २०१२ मध्ये जन्मलेला खोंड २०१४ च्या मे महिन्यात दुसा होता. नुकता घाटावर यायचा. बंदी उठली तेव्हा तो नऊ वर्षांचा, म्हणजे पळण्याच्या वयाच्या पलीकडे गेलेला. २०१४, २०१५, २०१६ मध्ये जन्मलेल्यांची ऐन उमेदीची वर्षं गोठ्यात गेली. त्यांच्यात कोण राजा झाला असता, हे कधीच कळणार नाही. करोनामुळे बाजार बंद राहिले. १ जानेवारी २०२२ ला लांडेवाडीला ठरलेली शर्यतही त्याच कारणाने ऐनवेळी रद्द झाली. त्याच वर्षी लंपी आजार आला आणि जनावरांचे बाजार व शर्यती पुन्हा थांबल्या.

नुकसान नुसतं बैलांचं झालं नाही, पारखीचंही झालं. पारख ही अंदाज आणि निकाल यांच्या फेऱ्यांतून तयार होते : आज म्हटलं, दोन वर्षांनी खरं-खोटं कळलं, मन दुरुस्त झालं. सात वर्षं निकालच लागला नाही. म्हातारे थकले, काही गेले. पोरं शिकली ती चित्रफितींवरून, आणि बंदी उठल्यावर बाजारात नवा पैसा आला तो थेट तयार, जुळलेल्या, नावाजलेल्या बैलावर. खोंड घेऊन तीन वर्षं थांबण्याचा धीर कमी झाला. त्याचा एक वाईट परिणाम उघड दिसतो : दोन दातही न आलेल्या खोंडाला चढाच्या घाटावर जुंपण्याची घाई. हाडं-सांधे पक्के व्हायच्या आत अशी ओढ बसली की तो चौसा होईपर्यंत लंगडतो. जुना शेतकरी दुशाला आधी मोकळ्या रानात, मग शांत, पोक्त बैलाच्या जोडीला, मग रिकाम्या गाड्याला, अशा पायऱ्यांनी आणायचा. त्या पायऱ्यांत खोंडाची काळजी होतीच, शिवाय मालकाचा शहाणपणाचा हिशेबही होता.

जो राजा होत नाही त्याचं काय?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कोणत्याही खेळात होतकरूंपैकी बहुतेक जण वर पोहोचत नाहीत. बेसबॉलमधून बाहेर पडलेला मुलगा दुसरं काम शोधतो. आखाड्यातून बाहेर पडलेला पैलवान शेती करतो, दूध घालतो. खोंडाचं काय?

पूर्वी या प्रश्नाला उत्तर होतं. शर्यत ही शेतीची उपज होती. घाटावर पळणारा बैल सोमवार-मंगळवारी औताला असायचा. खोंड पळाला नाही तर मालक थोडा हिरमुसायचा आणि त्याला नांगराला शिकवायचा. शर्यतीत हरलेला खोंड शेतात हरलेला नव्हता. आठ-दहा वर्षं राबून तो म्हातारा व्हायचा. भाद्रपदातल्या पोळ्याला त्याच्या शिंगांना तोच रंग लागायचा जो राजाच्या शिंगांना लागतो.

ट्रॅक्टरने ती दुसरी पायरी काढून टाकली. आकडे बोलके आहेत. पशुगणनेनुसार देशातला नर गोवंश २०१२ मध्ये सुमारे ६ कोटी ७९ लाख होता, तो २०१९ मध्ये सुमारे ४ कोटी ७४ लाखांवर आला. सात वर्षांत तीस टक्के घट. त्याच काळात गाईंची संख्या अठरा टक्क्यांनी वाढली. म्हणजे गोठा आहे, दूध आहे. कालवडीला जागा आहे, गोऱ्ह्याला नाही. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्या कायद्याच्या बाजूने किंवा विरुद्ध इथे मला बोलायचं नाही. पण शेतकऱ्याच्या अंगणात त्याचा अर्थ असा होतो की, काम नसलेल्या बैलाला गिऱ्हाईक नाही आणि वैरण तर रोज लागते.

शर्यतीच्या बाजूचे लोक म्हणतात, घाट आहे म्हणून खिल्लार टिकला. हे अर्धं खरं आहे. बंदी उठल्यानंतर चांगल्या खोंडाला पुन्हा मागणी आली, हे बेल्ह्याच्या बाजारात कोणालाही दिसतं. खिल्लार गाय पाळणाऱ्याला, जिच्या दुधावर घर चालत नाही, गोऱ्हा झाल्याचा आनंद पुन्हा होऊ लागला. पण घाट दहा खोंडांपैकी एकाला जागा देतो. उरलेल्या नऊ जणांसाठी त्याच्याकडे उत्तर नाही. उलट, नऊ जण जन्माला घालण्याचं कारण मात्र तो देतो. विरोधी बाजूचे लोक बारा सेकंदांच्या धावेतल्या क्रूरतेबद्दल बोलतात. तेही बोललंच पाहिजे. पण न पळणाऱ्या खोंडाच्या वाट्याला येणारी पुढची दहा वर्षं या दोन्ही बाजूंच्या नजरेतून सुटतात.

याला काही उपाय आहेत आणि ते हवेतले नाहीत. आणे पठारासारख्या भागात, लहान तुकड्यांच्या आणि आंतरमशागतीच्या शेतीत बैलजोडी अजूनही परवडते, कारण उभ्या पिकातल्या कोळपणीला ट्रॅक्टर शिरत नाही. काही मालक न पळणारा खोंड गावातल्या गरजू शेतकऱ्याला अर्धलीने देतात : बैल त्याचा, काम याचं, वैरण वाटून. ही रीत जुनीच आहे, पुन्हा रुजवता येईल. यात्रा समित्या लाखांची बक्षिसं लावतात. त्यातला एक वाटा आदत खोंडांना घाटापासून दूर ठेवून त्यांच्या नुसत्या देखणेपणाच्या, चालीच्या आणि शिकवणुकीच्या स्पर्धेला देता येईल. तशी प्रदर्शनं गावोगाव होतही असत. त्यातून दोन गोष्टी साधतील : खोंडाला चढावर ओढण्याची घाई कमी होईल, आणि चांगल्या ठेवणीच्या पण न पळणाऱ्या खोंडाला वळू म्हणून मोल येईल. वेगाचा एक गुण गेला तरी खिल्लारची बाकीची ठेवण त्याच्यात असतेच, आणि जात टिकते ती त्या ठेवणीवर.

आणि प्रेक्षक? त्याच्याही हातात काही आहे. यात्रेला गेलात तर एखाद्या वेळी राजाची बारी चुकवा. सकाळी लवकर जा, माथ्यावर उभे राहा, आणि पहिल्यांदाच पळणारा एक खोंड निवडा. त्याचा मालक कोण, जोडीदार कोण, दात किती, हे विचारून घ्या; गाडामालक कधी नाही म्हणत नाही. तो कसा सुटतो, कुठे मान वर करतो, वर आल्यावर त्याला पाणी कोण दाखवतं, चाबूक कोण लपवतं, हे पाहा. ज्याच्यावर कोणाची तरी ओळखीची नजर आहे त्या जनावराशी वागताना माणसं जरा सांभाळून वागतात, एवढं मी नक्की पाहिलं आहे. मग पुढच्या वर्षी तोच खोंड शोधा. तो घाटावर दिसला तर तुमचा अंदाज तपासा. नाही दिसला, तर त्याच्या मालकाला गाठून तो आता कुठे आहे, ते विचारा.